इस्त्रीरावांचा करंट

रंगारी म्हटला की डोळ्यांसमोर जे ध्यान उभं राहतं, कानाच्या पाळीला पिवळा, भुवईला निळा आणि पँटला उरलेले सगळे, ते इस्त्रीरावांना मुळीच मंजूर नव्हतं. लोखंडी कपाटं बनवणाऱ्या एका कारखान्यात हा माणूस जन्मभर रंग फवारत आला, पण कामावर यायचं ते पांढरा शर्ट घालून, त्याला कडक इस्त्री करून, आणि पँटची घडी अशी की तिच्यावर भाजी चिरून घ्यावी. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच सुखाने नांदत होतं. बाकी मालकांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांचे ते इस्त्रीराव.

दुःख एवढंच, की ही शान सकाळपुरतीच टिके. ओल्या रंगाचा फवारा काही माणसाची योग्यता बघून उडत नाही. संध्याकाळी इस्त्रीराव घरी परतत ते त्या दिवशीच्या कपाटाच्या रंगात. बायको दार उघडून वरपासून खालपर्यंत बघे आणि म्हणे, "आज राखाडी वाटतं. बँकेची ऑर्डर का?" जेवायला बसल्यावर त्यांच्या नखांकडे बघून तिचं ठरलेलं वाक्य असे, "अहो, तो हात जरा तुमच्या ताटापुरताच ठेवा. कुणाचं तरी कुंपण शेजारी जेवायला बसल्यासारखं वाटतं."

घरात बायको ऐकून घेत नसे आणि कारखान्यात मेहुणा ऐकवत असे. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याला या कारखान्यात इस्त्रीरावांनीच चिकटवला होता. तो भराभर वर चढला, सुपरवायझर झाला, आणि आता खुर्चीवर बसून म्हणे, "भाऊजी, डाव्या दाराला ओघळ आलाय बघा." ओघळ खरंच असायचा, हे जास्त झोंबे.

इस्त्रीरावांची इच्छा तशी लहानच होती. एकदा तरी कुणीतरी आपणहून आपल्याकडे यावं, आपल्यावाचून त्याचं अडावं. आजवर लोक त्यांच्याकडे आपणहून आले होते ते फक्त काडेपेटी मागायला, आणि इस्त्रीराव विडी ओढत नसल्यामुळे तेही रिकाम्या हाताने परत गेले होते.

अशा या आयुष्यात एक दिवस पावडरची गन आली.

ओला रंग बंद. आता पिठासारखी कोरडी पावडर गनमधून फवारायची, ती कपाटाला चिकटते, मग कपाट भट्टीत घालायचं, की पावडर वितळून काचेसारखा रंग बसतो. हे शिकवायला गनच्या कंपनीतून एक इंजिनीअरबाई आल्या. तरुण, भराभर बोलणाऱ्या, आणि समोरच्याला सगळं समजतंय अशा भाबड्या विश्वासाने जगणाऱ्या. त्यांनी सांगितलं, "गनच्या टोकाशी एक सुई आहे. तिथून जाताना पावडरच्या प्रत्येक कणाला चार्ज मिळतो. सगळ्यांना एकाच प्रकारचा. सारखे चार्ज एकमेकांना ढकलतात, म्हणून कण एकमेकांपासून दूर पळतात आणि पावडरचं छान धुकं होतं. कपाट हुकाला टांगलंय, हूक जमिनीला जोडलाय. कपाटाला उलटा चार्ज येतो. आणि उलटे चार्ज एकमेकांना ओढतात. बघा!"

आणि त्यांनी समोरून फवारा मारला. पावडर कपाटाला समोरून तर चिकटलीच, पण वळसा घालून पाठीमागेही जाऊन बसली. इस्त्रीरावांच्या तोंडाचा आ झाला. सबंध आयुष्य कपाटाभोवती प्रदक्षिणा घालण्यात गेलं होतं, आणि इथे रंग स्वतःच्या पायाने मागे जात होता.

आता गन पावडरला प्लस देते की मायनस, हेही बाईंनी सांगितलं होतं. पण नेमक्या त्या वेळी इस्त्रीराव वाकून आपल्या पँटची घडी नीट करत होते. नंतर विचारायला लाज वाटली. मग त्यांनी स्वतःच्या बुद्धीने ठरवून टाकलं की प्लसच असणार. एवढं महागाचं यंत्र मायनस कशाला देईल?

बाईंनी आणखी एक गोष्ट बजावली होती. गन उघड्या तळहाताने धरायची, आणि पायांत रबरी तळाचे बूट घालायचे नाहीत. इस्त्रीरावांनी गंभीरपणे मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी कोपरापर्यंत येणारे रबरी हातमोजे आणि बोटभर जाडीच्या रबरी तळाचे बूट घालून हजर झाले. त्यांचा हिशेब सरळ होता. रंग कोरडा झालाय, तर आता निदान या वयात तरी माणसाने स्वच्छ हाताने जेवावं.

आणि चमत्कार झाला. बूथमध्ये, म्हणजे तीन बाजूंनी पत्रा असलेल्या त्या फवारणीच्या खोलीत, पावडर कपाटाला चिकटे, पत्र्याला चिकटे, काम बघायला डोकावलेल्या मेहुण्याच्या नाकाला चिकटे, पण इस्त्रीरावांच्या शर्टाला लागत नसे. मेहुणा बाहेर येई तो पीठ मळून आल्यासारखा, आणि इस्त्रीराव सकाळच्याच इस्त्रीत.

"भाऊजी, हे कसं काय?"

"वजन असतं एकेकाचं," इस्त्रीराव शर्टाची बाही झटकत म्हणाले. बाहीवर झटकण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून तर झटकली. "पावडरलाही कळतं कुणाच्या अंगावर बसायचं ते."

मग त्यांना तत्त्वज्ञान सुचायला लागलं. जन्मभर कपाटाच्या दारापलीकडे विचार न केलेल्या माणसाला एकदम सगळ्या जगाची किल्ली सापडली, की आजूबाजूच्यांनी जीव मुठीत धरावा. इस्त्रीराव माणसांना बघून "प्लस", "मायनस" असं पुटपुटू लागले. मालक प्लस. वॉचमन मायनस. मेहुणा प्लस, नाइलाजाने, कारण आपलं आणि त्याचं पटत नाही आणि आपण तर प्लस आहोतच. बसमध्ये शेजारचा माणूस सरकून बसला की हे समाधानाने म्हणत, "तोही प्लस."

घरी त्यांनी हा शोध बायकोला जरा हळुवारपणे सांगायचं ठरवलं होतं. पण त्यांच्या हळुवारपणाला सवय नव्हती.

"अगं, तू मायनस आहेस."

बायको कांदा चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली नाही. "काय म्हणालात?"

"म्हणजे मी प्लस आणि तू मायनस. उलटे चार्ज एकमेकांना ओढतात. म्हणून तर आपला संसार टिकला."

"ओढल्याने नाही टिकला. ओढला म्हणून टिकला, आणि तो मी ओढला," बायको म्हणाली. "आणि मायनस म्हणजे वजा ना? आता वजाच आहे तर भांडी घासायला एक माणूस कमी धरा."

त्या दिवशी प्लसने भांडी घासली.

पण खरा मान मिळाला तो चहावाल्यामुळे. कारखान्यात फिरून चहा देणाऱ्या या माणसाचा उजवा खांदा कित्येक महिने धरलेला होता. हात छातीच्या वर जात नसे. ग्लास वरच्या फळीवर ठेवायचा तर तो स्टुलावर चढे. कोरडी हवा, थंडीचे दिवस. इस्त्रीराव बूथमधून बाहेर आले, मोजे काढले आणि चहासाठी हात पुढे केला. दोघांची बोटं जवळ आली आणि चट्ट! निळी ठिणगी उडाली. चहावाला "मेलो!" म्हणून ओरडला आणि त्याचे दोन्ही हात सरळ आकाशात गेले.

चहा जमिनीवर सांडला होता. पण चहावाला त्याकडे बघत नव्हता. तो आपल्या उजव्या हाताकडे बघत होता, जो डोक्याच्या वर उभा होता.

"वर गेला," तो म्हणाला. "अहो, हात वर गेला!"

आता, कुणाच्याही कानाशी फटाका वाजवला तर त्याचे हात वरच जातील. पण हे तिथे कुणी म्हणालं नाही, आणि म्हणालं असतं तर त्याला कुणी चहा दिला नसता. दुपारपर्यंत सगळ्या कारखान्यात झालं की इस्त्रीरावांच्या हातात करंट आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फाटकाशी वॉचमन मनगट पुढे करून उभा होता, त्याच्यामागे भट्टीवाला कंबर धरून, त्याच्यामागे समोरच्या गल्लीतली शिवणकाम करणारी बाई मान धरून.

यात एक अडचण होती, आणि तिच्यामुळेच इस्त्रीरावांची कीर्ती वाढली. ठिणगी उडे ती एकदाच. बूथमधून बाहेर आल्यावर ज्याला पहिला स्पर्श होईल, त्याला सगळा माल मिळे आणि बाकीच्यांना कोरडा हात. म्हणून पहिल्या नंबरासाठी मारामारी होऊ लागली. वॉचमन रांग लावू लागला आणि रांगेत पुढे कोण हे ठरवण्याच्या अधिकाराने तोही हळूहळू फुगू लागला. आणि बूथपासून फाटकापर्यंतचा तो माल वाटेत कुठे सांडू नये म्हणून इस्त्रीराव दोन्ही हात वर धरून, बोटं फाकून, ओली नखं वाळवत निघालेल्या बाईसारखे चालत. पुढे एक मदतनीस दारं उघडत जाई. "बाजूला व्हा, साहेब भरलेले आहेत!"

साहेब! इस्त्रीरावांना वाटे, फाटक आणखी जरा लांब असतं तर बरं झालं असतं.

एकदा शिवणकामवाल्या बाईंनी तक्रार केली. त्या रांगेत दुसऱ्या होत्या. "मला काहीच लागलं नाही हो."

"लागणार कसं?" इस्त्रीराव कनवाळूपणे म्हणाले. "तुमच्या आत मुळातच प्लस भरलेला आहे. माझा प्लस, तुमचा प्लस, ढकलला गेला. तुमच्यासारखी माणसं फार थोडी असतात."

बाई खूश होऊन गेल्या. त्यांची मान तशीच वाकडी होती, पण आता ती अभिमानाने वाकडी होती.

ज्याला ठिणगी लागे त्याला बरं वाटे, कारण लागली. ज्याला लागत नसे त्यालाही बरं वाटे, कारण तो प्लस निघाला. ज्याला काहीच वाटत नसे तो मायनस असून आतून बंद होता. असं चारी बाजूंनी पॅक केलेलं शास्त्र जगात फार जणांना जमत नाही, आणि ज्यांना जमतं ते रंग फवारत बसत नाहीत.

फक्त बायको रांगेत आली नाही. तिचे गुडघे दुखत होते, पण तिचं म्हणणं, "इतकी वर्षं या माणसाचे झटके खाल्ले, एकानेही गुडघे दुखायचे राहिले नाहीत."

मग मालकांच्या आईचा निरोप आला. त्यांना सगळे आईसाहेब म्हणत. मालक ज्यांच्यापुढे उभे राहून बोलत, त्या या एकट्याच. त्यांचा डावा गुडघा गावातल्या सगळ्या डॉक्टरांना पुरून उरला होता. शुक्रवारी संध्याकाळी त्या स्वतः फाटकावर येणार होत्या. मेहुण्याने हा निरोप सांगितला तेव्हा पहिल्यांदाच तो खुर्चीतून उठून सांगायला आला. इस्त्रीरावांनी मान किंचित हलवली. बघू, जमेल, अशी. आतून ते तीनदा नाचले.

आणि त्याच आठवड्यात, गन तपासायला म्हणून, इंजिनीअरबाई परत आल्या.

बूथमध्ये शिरल्या आणि त्यांचं लक्ष प्रथम मोज्यांकडे गेलं, मग बुटांकडे, मग त्या पांढऱ्याशुभ्र शर्टाकडे. "तुमच्या अंगावर पावडर कशी नाही?"

इस्त्रीराव या प्रश्नाची वाटच बघत होते. "वजन असतं एकेकाचं."

"गन बंद करा. आता तुमचं बोट त्या पत्र्याजवळ न्या. हळूच."

मोजा काढून इस्त्रीरावांनी बोट नेलं. चट्ट! बाईंचा चेहरा उतरला, तर इस्त्रीरावांचा उजळला. हा अभिप्राय म्हणूनच घेतला त्यांनी.

"बघितलंत? प्लस," ते म्हणाले.

"मायनस," बाई म्हणाल्या.

"कोण?"

"तुम्ही. ही गन मायनस सोडते. पावडर मायनस होते. त्या धुक्यात तुम्ही रबर घालून उभे राहता, म्हणून तोच चार्ज तुमच्यावर साठत जातो. खाली जमिनीत जायला त्याला वाटच नाही. पावडर मायनस, तुम्ही मायनस. ती तुमच्या अंगावर बसत नाही ती मान म्हणून नाही हो, ढकलली जाते म्हणून."

मेहुणा दाराशी उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं ते पुसायला पुढे कित्येक दिवस लागले. "म्हणजे भाऊजी, मी बूथमध्ये आलो की माझ्या अंगावर पावडर येते, ती..."

"तुमचे पाय जमिनीला जोडलेले आहेत," बाई म्हणाल्या. "पावडर जवळ आली की तुमच्यातला मायनस जमिनीत पळतो आणि प्लस पुढे उरतो. कपाटाचं होतं तसंच."

"मी प्लस!" मेहुणा म्हणाला.

इस्त्रीरावांच्या आयुष्यात वाईट दिवस बरेच आले होते, पण कपाटाइतकी किंमत मेहुण्याला आणि वजाबाकी स्वतःला, असा एकही नव्हता. त्यातून सावरून ते म्हणाले, "मायनस तर मायनस. लोकांना गुण येतो ना?"

बाईंनी आवाज चढवला नाही. त्यांनी जमिनीवर साचलेल्या पावडरकडे बोट दाखवलं. "ही हवेत उडालेली असताना ती ठिणगी पडली तर पेटेल. तुमच्या बोटाशी रोज एक पेटलेली काडी घेऊन तुम्ही या धुक्यात उभे असता. तळहात उघडा ठेवा आणि हे बूट घाला, याच्या तळातून चार्ज जमिनीत जातो. ठिणगी उडणारच नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

बाईंना वाटलं, ही आनंदाची बातमी आहे.

इस्त्रीराव त्या दिवशी फाटकापर्यंत नेहमीसारखे हात वर धरून गेले. रांग उभी होती. कुणी कंबर धरलेली, कुणी कोपर. सगळ्यांचे डोळे यांच्याकडे लागलेले. बूट घातले की हे डोळे उद्यापासून दुसरीकडे बघणार. पुन्हा मेहुण्याची ती खुर्ची, आणि "भाऊजी, ओघळ". नाही, इस्त्रीरावांनी मनाशी म्हटलं, निदान आईसाहेब येऊन जाईपर्यंत तरी नाही.

शुक्रवारी सकाळी त्यांनी नवे बूट घातले आणि आत दुमडून एक प्लास्टिकची पिशवी घातली. मोज्याचा तळवा बाईंनी सांगितल्याप्रमाणे कापला, आणि त्या भोकाच्या आतून फुग्याचा एक तुकडा चिकटवला, अंगाच्याच रंगाचा. जन्मभर ओघळ लपवण्यात गेलेली ती सारी हुशारी त्या एका फुग्यात उतरली होती. मेहुण्याने लांबून बघितलं आणि बरोबर आहे अशी खूण केली.

त्या दिवशी पोपटी रंगाची कपाटं होती. इस्त्रीराव नेहमीपेक्षा जास्त वेळ फवारत राहिले. आईसाहेबांसाठी माल भरपूर हवा होता. बूथमध्ये पोपटी धुकं दाटलं. खालच्या फळीवर फवारायला म्हणून ते वाकले आणि कोपर पत्र्याच्या कडेजवळ गेलं.

चट्ट.

आणि लगेच, भप्प.

आवाज फार मोठा नव्हता. एक पिवळी जीभ बूथच्या खालच्या अंगाला लवलवली आणि क्षणात विझली. पण तेवढ्यात तिने इस्त्रीरावांची डावी भुवई आणि अर्धी मिशी नेली. ते जागच्या जागी उभे राहिले, हातातली गन अजून फवारत होती. मेहुण्याने मेन स्विच पाडला, धावत आत आला आणि त्यांना काखेत धरून बाहेर ओढलं. 

"भाऊजी! ताईला मी काय तोंड दाखवलं असतं? काय सांगितलं असतं, सांगा!"

 मेहुण्याने त्यांचा मोजा ओढून काढला. फुगा हाताला चिकटून बाहेर आला. त्याने तो बघितला, बुटातली पिशवी बघितली. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"एक तर उघड्या हाताने उभे राहा," तो म्हणाला, "नाही तर पॉलिश पेपर घेऊन कपाटं घासायला बसा. मला काहीही चालेल. जळलेलं चालणार नाही."

इस्त्रीरावांनी मिशीच्या राहिलेल्या अर्ध्या भागावरून हात फिरवला. दुसऱ्या बाजूला हात फिरवायला गेले, तिथे काही नव्हतं. मग त्यांनी दोन्ही मोजे कचऱ्यात टाकले, बुटातली पिशवीही टाकली. मेहुण्याने स्वतः मीटर आणून त्यांच्या हातापासून जमिनीपर्यंत तपासलं, बूथ झाडून घेतला, आणि दुपारनंतर गन पुन्हा सुरू झाली.

पहिला फवारा सुटला तशी पावडर कपाटाकडे निघाली आणि त्यातला एक हिस्सा वळसा घालून प्रेमाने इस्त्रीरावांकडे आला. इतके दिवस दूर राहिली होती त्याची भरपाई करावी तशी. शर्टावर, कॉलरवर, पँटच्या घडीवर, नाकात, कानात, एका भुवईवर. संध्याकाळी बूथमधून बाहेर आले तेव्हा भट्टीवाल्याने त्यांना कपाट समजून वाट दिली नाही.

फाटकाशी रांग होती आणि रांगेच्या पुढे मोटार. मोटारीचं दार उघडं, आत आईसाहेब, डावा पाय बाहेर काढलेला. मेहुणा त्यांच्या शेजारी अदबीने उभा. इस्त्रीराव आज हात खाली सोडून आले. वाटेतलं प्रत्येक दार त्यांनी स्वतः उघडलं, प्रत्येक कडीला हात लावला. आत काही राहिलं नव्हतं, आणि राहिलं असलं तर तेही जावं असं त्यांना वाटत होतं. भप्प आवाज अजून कानात होता.

"हेच का ते?" आईसाहेबांनी विचारलं. "हिरवे का आहेत?"

"आईसाहेब," इस्त्रीराव म्हणाले, "तुम्हाला उगीच त्रास झाला. आज काही नाही. म्हणजे यापुढेही नाही. ते माझं नव्हतंच. गनचं होतं. माझ्या अंगावर साठायचं आणि ज्याला हात लागेल त्याला बसायचं. आता साठत नाही, जमिनीत जातं."

रांगेत कुजबुज झाली. सबंध आयुष्यात इस्त्रीराव एवढं खरं सलग कधी बोलले नव्हते, त्यामुळे त्यांना धापही लागली.

"बोलू नका. हात ठेवा," आईसाहेब म्हणाल्या.

"पण त्यात काही नाहीये हो."

"मी एवढ्या लांबून आले ती तुमचं भाषण ऐकायला नाही. ठेवा म्हटलं ना!"

मालकांची आई. इस्त्रीराव वाकले आणि त्यांनी आपला पोपटी हात गुडघ्यावर ठेवला. चट्ट नाही, फट्ट नाही. मऊ लुगड्यावर पाच बोटं उमटली, एवढंच.

"आई गं!" आईसाहेब किंचाळल्या. सगळी रांग एक पाऊल मागे सरली. "केवढा झटका! टाचेपर्यंत गेला हो!"

"अहो, कसा जाईल? मी अर्थिंगला जोडलेला आहे!"

"मग माझ्या गुडघ्याला काय मुंगी चावली? बाजूला व्हा." आणि ड्रायव्हरचा हात न धरता त्या उठून उभ्या राहिल्या, फाटकापर्यंत चालत गेल्या, परत आल्या. रांगेने टाळ्या वाजवल्या. चहावाल्याने दोन्ही हात वर करून दाखवले.

"आईसाहेब, मी खरंच सांगतो," इस्त्रीराव रडकुंडीला आले. "मीटरने तपासलंय. याला विचारा. मी प्लसही नाही आणि मायनसही नाही. काहीच नाही."

"बघा," आईसाहेब सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "आता किती नम्र झालेत. आधी म्हणे फार मिजास करायचे." मोटारीत बसता बसता त्यांनी वॉचमनला बजावलं, "पुढच्या शुक्रवारी मी परत येणार. पहिला नंबर माझा."

मोटार गेली. रांग पुढे सरकली. इस्त्रीरावांनी प्रत्येकाला सांगून पाहिलं की काही नाहीये, आणि प्रत्येकाने त्यांचा हात धरून आपल्या दुखऱ्या जागी नेला, "आई गं" म्हटलं आणि समाधानाने घरी गेला. शिवणकामवाल्या बाईंना आज तर पहिल्यांदाच झटका बसला. त्या म्हणाल्या, तुमचा चार्ज बदललेला दिसतोय. ज्या मानासाठी इस्त्रीरावांनी भुवई घालवली होती, तो आता फुकट मिळत होता आणि परत घ्यायला कुणी तयार नव्हतं.

शेवटी फाटकाशी कुणी उरलं नाही. मेहुणा तेवढा राहिला. तो इकडे तिकडे बघत होता. वॉचमन लांब गेल्याची खात्री करून घेतली आणि मग इस्त्रीरावांजवळ सरकला.

"भाऊजी."

"काय?"

"नाही, म्हणजे... मान. गेल्या आठवड्यापासून अवघडलीये. या बाजूला."

इस्त्रीरावांनी त्याच्याकडे बघितलं. "तू स्वतः मीटर लावलंस ना रे दुपारी?"

"लावलं."

"त्यात काय आलं?"

"काही नाही आलं."

"मग?"

"पण आईसाहेब उठल्या ना हो," मेहुणा म्हणाला आणि मान वाकवून, डोळे मिटून उभा राहिला.

 इस्त्रीरावांनी हात उचलला आणि सगळी ताकद लावून त्या मानेवर एक सणसणीत चापट ठेवून दिली. आवाज पार भट्टीपर्यंत गेला. मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं, मानेवर पोपटी पंजा उमटला.

"बसला?" इस्त्रीरावांनी विचारलं.

"बसला," मेहुणा मान चोळत, आदराने म्हणाला. "केवढा बसला!"

"हा मात्र," इस्त्रीराव बोटं झटकत म्हणाले, "माझा स्वतःचा."